न विचारता इंजिन खोललं, तर गॅरेजवाला गाडी अडवून ठेवू शकतो का?

प्रश्न : मी अकोले तालुक्यात शेती करतो. माझी जुनी फोर बाय फोर डिझेल जीप आहे. गिअरबॉक्सच्या बाजूने ऑइल गळत होतं म्हणून ती नाशिकच्या एका गॅरेजला दिली. क्लचप्लेट आणि मागचं ऑइल सील बदलायचे २८,००० रुपये व्हॉट्सॲपवर ठरले, १०,००० ॲडव्हान्स दिला. तीन आठवड्यांनी गेलो तर इंजिन उतरवून पूर्ण खोललेलं, क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) काढून ग्राइंडिंगवाल्याकडे घासायला दिलेला. आता म्हणतात क्रँक बाद आहे, नवा टाकून एकूण १,४२,००० होतील. नको असेल तर खोलल्याची मजुरी ३५,००० द्या, रोजचं ३०० रुपये पार्किंग द्या, माझ्या ट्रॅक्टरची जुनी बाकी १२,००० द्या, मगच गाडी न्या. दाखवतात तो क्रँक माझाच आहे का, याचीही शंका आहे. पोलिसांत जाऊ का? गाडी शेतमालासाठीच वापरतो, काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला थोडे पर्यटक नेतो.

उत्तर : पोलिसांत जाण्याआधी आणि पुढचा एकही रुपया देण्याआधी एक काम करा. खोललेलं इंजिन आणि तो क्रँक आज कोणत्या स्थितीत आहेत, हे गॅरेजवाल्याच्या समोर तिसऱ्या जाणकाराकडून मोजून, लिहून, फोटो काढून घ्या. कायदा बराचसा तुमच्या बाजूने आहे, पण तुमच्या हातात आज पुरावा म्हणून फक्त व्हॉट्सॲपचे मेसेज आहेत. इंजिन एकदा परत बांधलं गेलं की आत काय होतं हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

आधी अडवणुकीचं बघू. दुरुस्तीला दिलेली गाडी म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२ मधला निक्षेप, म्हणजे ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली आणि काम झाल्यावर परत मिळायची वस्तू. ज्या कामासाठी वस्तू दिली ते काम कौशल्याने पार पाडलं, तर त्याची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क कलम १७० कारागिराला देतं. म्हणजे गॅरेजवाल्याला हक्क मुळीच नाही असं समजू नका. पण हा हक्क ठरलेल्या कामापुरता आहे. तुम्ही क्लच आणि सील सांगितलं होतं. ते झालं असेल तर उरलेल्या १८,००० साठी तो गाडी थांबवू शकतो. क्लच-सीलचं काम अजून झालेलंच नसेल, तर त्यासाठीही नाही. न सांगितलेल्या कामाची मजुरी या कलमात बसत नाही.

ट्रॅक्टरची बाकी हा तर सरळ दबाव आहे. जुन्या बाकीपोटी दुसरीच वस्तू अडवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ बँका, अडते, बंदरातल्या धक्क्याचे मालक, उच्च न्यायालयातले वकील आणि विमा दलाल यांनाच देतं. गॅरेज त्या यादीत नाही. तसा लेखी करार तुम्ही केलेला नसेल, तर ट्रॅक्टरचे १२,००० त्याने वेगळे मागावेत. पार्किंगचंही तसंच. स्वतःच्या बाकीसाठी गाडी त्याने ठेवून घेतली आहे, त्या ठेवण्याचं भाडं आधी ठरलेलं नसताना तुमच्यावर लादता येत नाही. जॉबकार्डच्या मागे बारीक अक्षरात काही छापलंय का आणि त्यावर तुमची सही आहे का, तेवढं मात्र नीट पाहा.

आता क्रँककडे येतो, कारण तुमचा दावा तिथेच टिकेल किंवा पडेल. गॅरेजवाला पहिला बचाव असा घेईल की सील बदलायला क्रँक काढावाच लागला. तो अगदी खोटा असेल असं धरून चालू नका. बहुतेक नव्या इंजिनांत मागचं मेन सील, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील, एकसंध गोल असतं आणि गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील काढलं की बाहेरूनच बदलता येतं. पण काही जुन्या इंजिनांत दोरीचं किंवा दोन तुकड्यांचं सील येतं. त्याचा वरचा अर्धा भाग क्रँकच्या पाठीमागे बसतो, आणि तो नीट बदलायला क्रँक खाली घ्यावा लागू शकतो. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा आणि सीलची पद्धत दाखवणारी पानं काढून ठेवा. एकसंध सील निघालं तर त्याचा बचाव तिथेच संपतो. जुन्या पद्धतीचं निघालं, तरी काम पाचपट वाढतंय हे समजल्यावर एक फोन करून विचारणं त्याचं कर्तव्य होतं. फोर बाय फोरमध्ये इंजिन उतरवायचं म्हणजे ट्रान्सफर केस, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, माउंटिंग असं बरंच सुटं करावं लागतं. हे काही सहज हात लागून झालेलं काम नाही.

क्रँक तुमचाच का, ही शंका रास्त आहे. आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, कोरलेला असतो. क्रँकचा कुठलाही नंबर आरटीओच्या नोंदीत नसतो. मग ओळख पटवायची कशी? जुन्या बेअरिंगच्या शेलवरून, म्हणजे क्रँकभोवती बसणाऱ्या अर्धगोल पातळ पट्ट्यांवरून. शेलच्या पाठीवर साइजचा शिक्का असतो : स्टँडर्ड (मूळ माप), ०.२५, ०.५० मिलिमीटर असा. क्रँक आधी कधी घासला होता का, हे त्यावरून कळतं. तुमच्या इंजिनातून स्टँडर्ड शेल निघाले असतील आणि समोर ठेवलेला क्रँक ०.७५ ला घासलेला असेल, तर एवढं घासायला कुणी आणि कोणाला विचारून सांगितलं, की हा क्रँकच दुसऱ्या गाडीचा आहे, याचं उत्तर त्याला द्यावं लागेल. जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गुळगुळीत भागावर, खोल चरे असतील तर त्याच जागच्या शेलवरही तसेच चरे हवेत. म्हणून जुने शेल, थ्रस्ट वॉशर आणि जुनं सील भंगारात जाऊ देऊ नका. आजच मेसेज करा की जुना एकही पार्ट टाकायचा नाही.

मोजमाप मायक्रोमीटरने व्हावं. प्रत्येक मेन (ब्लॉकमध्ये फिरणाऱ्या) आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉड जोडलेल्या) जर्नलचा व्यास आडव्या-उभ्या दोन दिशांनी घ्यायला सांगा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहा. मेन कॅप, म्हणजे क्रँक ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या टोप्या, सगळ्या आहेत का आणि त्यांचे क्रमांक ओळीने लागतात का, हेही लिहा. कॅप ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात, दुसऱ्या इंजिनाच्या कॅप चालत नाहीत. एक हरवली तरी नुकसान ब्लॉकपर्यंत जातं. ग्राइंडिंगवाल्याची पावती आणि तिची तारीख मागा. तपासणीला परवानाधारक विमा सर्व्हेअर किंवा पॉलिटेक्निकचे ऑटोमोबाइलचे प्राध्यापक चालतील. गॅरेजवाल्याने सही नाकारली तर तसं लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. त्याने आतच येऊ दिलं नाही, तर तो नकारही लेखी मिळवा.

लगेच स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. ठरलेल्या कामाचे पैसे द्यायला मी तयार आहे, जादा कामाला माझी संमती नव्हती, पुढचं काम थांबवा, पार्टसह गाडी परत द्या, असं स्वच्छ लिहा. वेळेत वस्तू परत न करणाऱ्यावर पुढच्या नुकसानीची जबाबदारी कलम १६१ टाकतं. गाडीची फारच निकड असेल आणि पैसे भरून सोडवावी लागली, तर ‘हरकत राखून’ असं पावतीवर लिहून घ्या. सुटे भाग पोत्यात भरून मात्र आणू नका. यादी आणि सही नसेल, तर नुकसान तुमच्या दुसऱ्या मेस्त्रीने केलं असं तो म्हणेल.

तरीही ऐकलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करा. गॅरेज नाशिकला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती दाखल होते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षांची आहे. गाडी सोडण्यासाठी अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीचा, आदेश मागता येतो. १८,००० आयोगात भरायची तयारी दाखवलीत तर अर्जाला वजन येईल.

पर्यटकांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण समोरचा वकील तेच आधी उचलेल. व्यावसायिक वापर असेल तर ‘ग्राहक’ म्हणून तुमचा दर्जाच वादात येतो. शिवाय पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने माणसं नेणं परमिटअभावी बेकायदा आहे. हे लपवून शपथपत्र करू नका. प्रमुख वापर स्वतःच्या शेतीचा आहे हे सातबारा आणि बाजार समितीच्या पावत्यांवरून दाखवा आणि भाड्याच्या फेऱ्या आजपासून बंद करा. तक्रार तिथे टिकणार नाही असं वाटलं, तर गाडी परत मिळवण्यासाठी दिवाणी दाव्याचा रस्ता आहेच.

पोलिसांचं शेवटी. बिलावरून झालेल्या भांडणाला पोलीस दिवाणी वाद म्हणतील, आणि ते चूक नसेल. पण तुमचा क्रँक विकला किंवा बदलला असं मोजमापातून दिसलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघाताची तक्रार जरूर द्या, सोबत तपासणीचा अहवाल जोडून. ब्लॉकवरचा नंबरही तपासणीच्याच दिवशी आरसीशी जुळवा. ब्लॉकच बदललेला निघाला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओला कळवण्याची जबाबदारी मालक म्हणून तुमच्यावर येते.

तपासणी याच आठवड्यात उरकून घ्या. ऑइल न लावता उघडा ठेवलेला क्रँक दमट हवेत लवकर गंजतो, आणि गंजलेल्या जर्नलचं माप घेऊन वाद मिटत नाही.