वाचक विचारतात: सेक्स टॉय धुवायचं कसं, ठेवायचं कुठं?

कोल्हापूर परिसरातून या विषयावरची पत्रं बरेच दिवस साठत होती. बहुतेकांची अडचण एकच: दुकानदाराला विचारता येत नाही आणि डॉक्टरांपुढं जीभ रेटत नाही. त्यातली सहा पत्रं निवडली आहेत. गाव-पेठ छापलीय, नावं अर्थातच नाहीत.

व्हायब्रेटर वापरून झाला की तांब्याभर पाण्यात एक झाकण अँटिसेप्टिक घालून त्यात बुडवून ठेवते. तरी दुसऱ्या दिवशी खाज सुटते, आग होते. प्रमाण वाढवू का? (राजारामपुरी)

वाढवू नका, बंदच करा. जखमेसाठी किंवा फरशीसाठी बनलेलं ते औषध व्हायब्रेटरच्या खाचांत थोडं तरी मागं राहतं. योनीच्या आतलं अस्तर हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी नाजूक असतं, शिवाय तिथले उपयोगी जंतूही त्यानं मरतात. हँड सॅनिटायझर, स्पिरिट आणि वासाचा साबण यांचीही गत तीच.

कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण पुरतो. लहान बाळाचा बिनसुगंधी साबण असेल तर उत्तम. बोटांनी वीस ते तीस सेकंद चोळा. सगळा चिकटा अडकतो तो बटणाच्या कडेला, दोन भाग जुळतात त्या रेषेत आणि चार्जिंगच्या पिनांभोवती. तिथं जुना मऊ टूथब्रश हलक्या हातानं फिरवा, मात्र तो याच कामासाठी वेगळा ठेवा. बोटांना बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत धुवा. वापरायच्या आधीही एकदा साध्या पाण्यानं धुवावं, कारण कपाटातली धूळ आणि कापडाचे धागे त्यावर बसलेले असतात.

बुडवण्याआधी खोक्यावर ‘आयपीएक्स ७’ असं लिहिलंय का बघा. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. ‘आयपीएक्स ४’ म्हणजे फक्त शिंतोडे सोसेल, तो बुडवायचा नाही. काहीच लिहिलं नसेल तर मोटरचा भाग वर धरून ओल्या कापडानं पुसा.

अँटिसेप्टिक सोडूनही आठवड्यात खाज गेली नाही, दह्यासारखं पांढरं जाऊ लागलं किंवा मासळीसारखा वास येऊ लागला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तो जंतुसंसर्ग असतो आणि व्हायब्रेटर कितीही धुतला तरी त्यानं जात नाही. औषधांचा कोर्स संपून त्रास पूर्ण थांबेपर्यंत वापर बंद ठेवा.

तीनशे रुपयांना ऑनलाइन डिल्डो घेतला. खोक्यावर ‘मेडिकल सिलिकॉन’ लिहिलंय. उकळला तर चालेल? (कसबा बावडा)

खोक्यावर काय लिहिलंय यावर जाऊ नका. त्या किमतीत शुद्ध सिलिकॉन मिळणं अवघडच. हुंगून बघा, नव्या रेनकोटसारखा उग्र वास येतो का? रात्रभर साध्या पांढऱ्या कागदावर ठेवा. सकाळी भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग दिसला तर तो टीपीई किंवा पीव्हीसी, म्हणजे रबरासारखं मऊ प्लॅस्टिक समजा. जेलीसारखा आरपार दिसणारा आणि हाताला चिकटणारा मालही बहुधा त्यातलाच.

फरक पडतो तो इथं. शुद्ध सिलिकॉन, बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी) काच आणि स्टेनलेस स्टील यांना छिद्रं नसतात, घाण वरच राहते आणि धुतली की जाते. टीपीई आणि जेली सच्छिद्र. जंतू आत जाऊन बसतात, तिथवर साबण पोचत नाही. उकळायला जावं तर माल वितळतो किंवा वाकडा होतो. असा टॉय प्रत्येक वेळी नवा कंडोम चढवूनच वापरा आणि तो फार काळ टिकेल अशी आशा धरू नका.

शुद्ध सिलिकॉनचा असेल आणि आत मोटर नसेल तर जरूर उकळा. वेगळं पातेलं घ्या, तळाला सुती फडकं घाला म्हणजे तापलेल्या तळाला तो टेकणार नाही. उकळी फुटल्यावर पाच मिनिटं पुरे. काच गार पाण्यातच घालून तापवा आणि त्याच पाण्यात निवू द्या, गरम काचेवर गार पाणी पडलं तर तडकते. तडा किंवा टवका दिसला की ती काच थेट कचऱ्यात. आणि कुकर नको. शिटीच्या दाबाखाली आत काय होतंय ते दिसत नाही.

पुरुषांसाठीची स्लीव्ह (लिंगावर चढवायची मऊ नळी) आहे. धुऊन लगेच पिशवीत घालून ट्रंकेत टाकतो, कारण खोलीत दोघं राहतो. आता आत काळे ठिपके आलेत, वास येतोय. कसं घालवू? (शिवाजी विद्यापीठ परिसर)

नाही जाणार. काळे ठिपके म्हणजे बुरशी, आणि टीपीईच्या आत शिरलेली बुरशी निघत नाही. ही स्लीव्ह टाकून द्या. नवी घेणार असाल तर हे पुढचं नीट वाचा, कारण धुण्यात तुमचं काही चुकलेलं नाही, चुकलंय वाळवण्यात.

वापरल्यावर ताबडतोब धुवा, वीर्य वाळलं की आतल्या खाचांत घट्ट बसतं. गरम नको, कोमट पाणी. गरम पाण्यानं प्रथिनं गोठून अधिकच चिकटतात आणि टीपीईही सैल पडतं. नळाखाली धरून आत पाणी सोडा, थेंबभर साबण घालून बोटानं खाचा चोळा, मग पाणी निर्मळ येईपर्यंत खळखळून काढा. उलटी होण्याइतकी मऊ असेल तर हळूच उलटी करा, ओढाताण केली तर तोंडाशी फाटते.

नंतर पाणी झटका. जुन्या सुती बनियनची पट्टी एका टोकातून घालून दुसऱ्या टोकातून काढा. एकच तोंड असेल तर पट्टी आत कोंबून पाच मिनिटं ठेवा, पाणी शोषून घेते. मग तोंड खाली करून पंख्याखाली उभी करा. उन्हाळ्यात तीन-चार तास, पण जुलैत कोल्हापुरात कपडेच दोन दिवस वाळत नाहीत तिथं रात्रभर धरा. ड्रायर लावू नका. पूर्ण कोरडी झाल्यावर स्वयंपाकातलं कॉर्नफ्लोअर चिमूटभर भुरभुरवा, चिकटपणा जातो. ओल राहिलेली असताना टाकलं तर त्याचीच लापशी होते आणि बुरशीला खाद्य मिळतं. टाल्कम पावडर वापरू नका.

खोलीत दोघं असाल तर सुती पिशवीत घालून कपाटात कपड्यांमागं उभी ठेवा. सुती पिशवीतून हवा खेळते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालंय.

आम्ही नवरा-बायको एकच टॉय वापरतो, पुढून आणि मागूनही. खोबरेल तेल लावतो. काही धोका? (इचलकरंजी)

दोन धोके आहेत. गुदद्वारातले जंतू योनीत किंवा मूत्रमार्गापाशी गेले की लघवीला जळजळ आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. मागून पुढं जायचं असेल तर मध्ये साबणानं धुणं किंवा नवा कंडोम, यातलं एक हवंच. टॉय एकाकडून दुसऱ्याकडं जातानाही हाच नियम. मागून वापरायच्या टॉयचा तळ रुंद, पसरट असायला हवा. नाहीतर तो आत सरकतो आणि काढायला दवाखाना गाठावा लागतो.

दुसरा धोका खोबरेलाचा. तेल, तूप, व्हॅसलीन यांनी लॅटेक्सचा कंडोम काही मिनिटांत कमजोर होतो, फाटतो. पाण्यावर आधारलेलं जेल वापरा, ते औषधांच्या दुकानात मिळतं. सिलिकॉनवर आधारलेलं जेलही सिलिकॉनच्या टॉयला नको, वरचा थर चिकट होऊन सोलवटतो.

एकत्र कुटुंब, माळ्यावर एका डब्यात तीन टॉय ठेवले होते. दोन एकमेकांना चिकटले, तिसऱ्याच्या सेलमधून पांढरी भुकटी आली. (मंगळवार पेठ)

चिकटलेल्यांत एक जेलीचा असणार. त्यातलं मऊ करणारं तेल दुसऱ्यात उतरतं, मग दोन्ही पाझरतात. दोन्ही टाका. पुढं प्रत्येकाला वेगळी सुती पिशवी शिवा. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात भट्टी होतो, तिथं नको. डांबराच्या गोळ्यांशेजारीही नको, तो वास मालात मुरतो. कुलुपाचा छोटा डबा, आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी आणि खोलीतलंच कपाट, एवढं पुरे.

भुकटी म्हणजे सेल गळलाय. हातमोजे घालून काढा, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून टोकं पुसा, मग ओल्या काडीनं पुसून वाळवा. वापर नसेल तेव्हा सेल बाहेरच ठेवावेत. चार्जिंगचा असेल तर निम्मा चार्ज करून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा थोडा करा. आणि पिना ओल्या असताना चार्जर लावायचा नाही.

पुराचं पाणी कपाटात शिरलं होतं. टॉय आणि चामड्याचा पट्टा वाचेल का? (शाहूपुरी)

पुराच्या पाण्यात गटारही असतं. टीपीई, जेली टाका. मोटरचा टॉय वरून ठीक दिसला तरी चार्जिंगला लावू नका, भिजलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. तो ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत नको. काच, स्टील आणि शुद्ध सिलिकॉन साबणानं दोनदा धुऊन उकळा.

चामड्याचं तुम्हा कोल्हापूरकरांना काय सांगायचं! पावसात चपलेवर पांढरी बुरशी येते तसंच हे. नुसतं ओलसर झालेलं चामडं सावलीत वाळवून, पुसून वाचतं. पण गटाराचं पाणी प्यालेला पट्टा अंगाला लावण्याजोगा राहत नाही, तो जाऊ द्या.