जुनी लक्झरी सेडान स्वस्तात मिळतेय, घेऊ का? कॉमन प्रॉब्लेम कोणते आणि रिपेअरला खर्च किती येतो?

तुमच्या प्रश्नातलं मेकॅनिकचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणताय, गाडी पंधरा वर्षांची, नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळतेय, आणि ओळखीचा मेकॅनिक म्हणतोय की बिनधास्त घ्या, फक्त एअर सस्पेंशन (स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर गाडी तोलतं ते) काढून साध्या स्प्रिंगा टाकून घ्या म्हणजे कटकट नको. हे ‘कटकट नको’ मी आमच्या घरात इतकी वर्षं ऐकलंय की आधी त्याचंच उत्तर देते, खर्चाचं नंतर.

आमची गाडी बाबांची. सहा सिलिंडर, चारही बाजूंना एअर सस्पेंशन. बाबांनी ती फार जीव लावून वापरली, आता माझ्याकडे आहे. एका सकाळी बघते तर पुढचा डावा कोपरा खाली बसलेला, टायर पार मडगार्डच्या आत. स्टार्ट केली, हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरला, हळूहळू गाडी उभी राहिली, दिवसभर नीट चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. वर्कशॉपमध्ये नेली, त्यांनी स्कॅनर लावला, फॉल्ट कोड आला आणि थोड्या वेळात एस्टिमेट हातात: पुढचे दोन्ही स्ट्रट (चाकावरचे हवेचे फुगे), कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह ब्लॉक (प्रत्येक फुग्यात हवा सोडतो तो). रक्कम एवढी की गाडी त्या दिवशी विकायला काढली असती तर जेमतेम तेवढेच आले असते.

मी विचारलं, हवा नक्की कुठून जातेय? तर म्हणे, मॅडम कोड आलाय ना. अहो, तो कोड एवढंच सांगत होता की कॉम्प्रेसर चालूनही गाडी ठरलेल्या वेळात ठरलेल्या उंचीला आली नाही. हवा नळीतून जातेय, रबरातून जातेय की व्हॉल्व्हमधून, हे स्कॅनरला कसं कळणार? साबणाचं पाणी मारून बघा म्हटलं, तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने माझ्याशी बोलणंच सोडलं आणि सोबत आलेल्या काकांकडे वळून त्यांना समजवायला लागला. गाडी माझी, बिल मी भरणार, आणि बोलणं काकांशी. आणि काकासुद्धा त्याच्याच बाजूने! त्यांचं म्हणणं, या गाड्यांचं असंच असतं, आज हे उद्या ते, एअर-बिअर सगळं काढून टाक, स्प्रिंगा लाव, नाहीतर विकून मोकळी हो, तुझ्या बाबांनाही मी हेच सांगत होतो.

मी सही केली नाही. गाडी घरी आणली, इंजिन चालू ठेवून पूर्ण वर येऊ दिली, बॉनेट उघडलं आणि स्प्रेच्या बाटलीत भांड्याच्या साबणाचं पाणी घेऊन स्ट्रटच्या डोक्यापाशी, जिथे ती बारीक काळी नळी पितळी नटात शिरते, तिथे मारलं. बुडबुडे. सावकाश येत होते पण थांबत नव्हते. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हाताला येतं तेवढं रबर तपासलं, घडीपाशी नीट मारलं, तिथे काही नाही. एका बाहेरच्या मेकॅनिकने नळीचं टोक सरळ कापलं, फिटिंग नवीन टाकलं, आणि मी आग्रह धरला म्हणून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा रिलेही बदलला. रिले का, तर गळतीमुळे कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, रिलेचे पॉइंट जळून चिकटतात, मग गाडी बंद केली तरी कॉम्प्रेसर बंद होत नाही आणि शेवटी तोच जळतो. सगळं मिळून खर्च त्या एस्टिमेटच्या शेजारी लिहायच्याही लायकीचा नाही. तेच स्ट्रट आणि तोच कॉम्प्रेसर आजही गाडीत आहेत.

या गाड्यांचा खर्च वाढतो तो असा. आधी लहान गळती, मग कोणी न बघता सोडून देतं, मग कॉम्प्रेसर, आणि मग कोणीतरी सगळंच बदलायला सांगतं. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या लक्झरी गाडीत पार्टपेक्षा अंदाजाने पार्ट बदलणारा माणूस महाग पडतो.

आता तुमचा खर्चाचा प्रश्न. गाडीची किंमत पंधरा वर्षांत पडते, पार्टची पडत नाही, ते अजून शोरूमच्या किमतीच्याच हिशोबात असतात. आणि पार्ट स्वस्त असला तरी तो बसलाय कुठे ते बघा. ऑडीच्या ए६ मध्ये (२००४ ते २०११ ची पिढी) ३.० टीडीआय डिझेल इंजिनाची टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) पुढे नसून गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे चेनचा आवाज आला की इंजिन नाहीतर गिअरबॉक्स उतरवणं आलं. मर्सिडीजच्या एम२७२ व्ही६ मध्ये सुरुवातीच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टच्या (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याच्या) गिअरचे दात झिजतात, त्या कामातही खर्च बहुतेक मजुरीचाच. लेक्सस एलएस४०० किती भरवशाची गाडी, पण तिचा स्टार्टर व्ही८ च्या मधोमध, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या जोडाच्या) खाली आहे, आधी ते काढावं लागतं. म्हणून एस्टिमेट घेताना पार्ट किती आणि मजुरी किती तास हे वेगवेगळं लिहून मागा, एकच गोल आकडा घेऊ नका.

ब्रेकमध्ये एक मोठी गोष्ट. तुम्ही बघताय ती मर्सिडीजची डब्ल्यू२११ ई क्लास असेल तर २००६ च्या फेसलिफ्टच्या (कंपनीने त्या मॉडेलमध्ये केलेल्या बदलांच्या) आधीची की नंतरची ते पहिलं विचारा. आधीच्या गाड्यांत एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक सिस्टिम आहे, २००४ आणि २००५ मध्ये त्यासाठी रिकॉल झाले होते (कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या), आणि ते युनिट ब्रेक किती वेळा दाबला हे मोजत असतं, मर्यादा संपली की वॉर्निंग देतं. फेसलिफ्टमध्ये कंपनीने ती काढून साधे हायड्रॉलिक ब्रेक दिले.

गिअरबॉक्सबद्दल ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं’ असं सांगतील, त्यावर विश्वास ठेवू नका. बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वार यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. त्यांच्या सहा गिअरच्या बॉक्समध्ये बऱ्याच गाड्यांत ऑइल पॅन प्लॅस्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच असतो, म्हणून पॅनसकट बदलावा लागतो, त्याचं बिल मालकाकडे आहे का बघा. मर्सिडीजच्या जुन्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये (७२२.६) वायरिंगच्या १३ पिनच्या प्लगचं सील गळतं आणि ऑइल वायरमधून चढत चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत जातं. प्लग किरकोळ, पण तेवढ्या गळतीवरून आख्खा गिअरबॉक्स उतरवायला निघालेले लोक आहेत, म्हणून सांगतेय.

बाकी बीएमडब्ल्यूच्या एन५२ इंजिनात इलेक्ट्रिक वॉटर पंप सूचना न देता जातो, ऑइल फिल्टर हाउसिंग आणि व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट गळतात. सनरूफ असेल तर त्याच्या ड्रेनच्या नळ्या तुंबतात, पाणी कार्पेटखाली किंवा डिकीत स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात साठतं आणि तिथेच कंट्रोल मॉड्युल असतात. कार्पेट हाताने दाबून बघा, ओलं लागलं तर मालक काहीही सांगू दे, गाडी न घेता परत या. बॅटरी अशक्त असेल तर एकाच वेळी दहा ठिकाणचे कोड येतात, त्यामुळे कोडवरून काही ठरवायच्या आधी बॅटरी तपासा.

गाडी बघायला जाताना मालकाला सांगा की रात्रभर स्टार्ट करू नको, आणि सकाळी गेल्यावर चारही कोपऱ्यांची उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. सर्व्हिस बुकमधले शिक्के बघू नका, बिलं बघा. बजेट म्हणाल तर घेतलेल्या किमतीच्या एक तृतीयांश तरी पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, ते नसतील तर घेऊ नका.

हां, आणि एक सांगायचं राहिलं. माझ्या गाडीत फिटिंग निघालं म्हणून तुमच्यातही तेच निघेल असं नाही. रबराच्या घडीत बारीक भेगा दिसल्या तर स्ट्रट बदलण्याला पर्याय नाही, आणि कुठेच बुडबुडे नसतील तरी गाडी बसत असेल तर व्हॉल्व्ह ब्लॉक बघावा लागतो. तपासताना गाडीखाली अजिबात शिरू नका, हवा अचानक गेली तर गाडी अंगावर बसते. आणि चारही स्ट्रट खरंच गेले असतील, गाडीची किंमत त्यांच्याहून कमी असेल, तर स्प्रिंगा लावणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. काकांची गोष्ट वेगळी, त्यांना चांगलं चालणारं सस्पेंशन काढायचं होतं. बाबांनी गाडी घेतली तीच त्या चालीसाठी, खड्ड्यातून गेली तरी मागे बसलेल्या आजीला कळायचं नाही. ते काढून टाकल्यावर उरतं काय, जड बॉडी आणि महाग पार्ट?

तुमच्या मेकॅनिकला एवढंच विचारा की स्प्रिंगा टाकल्यावर सस्पेंशनची वॉर्निंग तो कशी घालवणार, डँपर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचं काय करणार, आणि हेडलाइटचं लेव्हल उंचीच्या सेन्सरवर चालत असेल तर ते कसं सेट करणार. वॉर्निंगचा दिवाच बंद करून देतो म्हणाला, तर गाडी घ्यायच्या आधी मेकॅनिक दुसरा शोधा.