इमारतीच्या साईटवरून वीजप्रकल्पाकडे

प्रश्न : मी स्थापत्य पदविकाधारक असून गेली आठ वर्षे नाशिकमध्ये, मुख्यतः पाथर्डी फाटा परिसरात, निवासी इमारतींच्या साईटवर काम करतो. आता येवल्याकडील एका सौर प्रकल्पावर बांधकाम व्यवस्थापकाच्या हाताखाली काम करण्याची संधी आली आहे. पुढे मला स्वतःला त्या पदावर जाता येईल का, की विजेचे शिक्षण नसल्याने मी मागेच राहीन?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तुम्ही अवश्य जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी तुम्ही रोज पाहता. तिथल्या २१० मेगावॅटच्या प्रत्येक संचाखाली आधी स्थापत्याचेच काम झाले, आणि सौर प्रकल्पातही पाया, रस्ते, पाण्याचा निचरा व केबलचे चर ही पहिली कामे तुमच्याच विद्येची आहेत. विजेच्या पदवीवाचून तुमचे अडणार नाही. मात्र आपल्या कामावर पुढे कोणाचे काम बसणार आहे, याची समज नसेल तर निश्चित अडेल.

इमारतीत कॉलम थोडा सरकला तर प्लास्टरमध्ये सांभाळून घेता येते, पण यंत्राच्या पायातील बोल्ट पाच मिलिमीटर सरकला तरी वरच्या सांगाड्याची बेसप्लेट, म्हणजे तळाची पोलादी पाटी, बसत नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात एका उपकेंद्रावर व्हायब्रेटरच्या धक्क्याने बोल्ट जागेवर धरून ठेवणारे टेम्प्लेट हलले, ते माझ्या नजरेतून सुटले, आणि तीन आठवड्यांनी क्रेनवर सांगाडा लटकत असताना चारपैकी एक बोल्ट भोकात शिरेना. त्यानंतर काँक्रीट ओतण्यापूर्वी आणि ते ओले असतानाच पुन्हा एकदा, बोल्टमधील अंतरे मी स्वतः टेपने मोजत असे, आणि आट्यांना ग्रीस लावून वर गोणपाट बांधल्याशिवाय काँक्रीटची गाडी पुढे येऊ देत नसे.

सौर प्रकल्पात आणखी एक सवय बदलावी लागेल. इमारतीचा पाया वजन पेलण्यासाठी असतो, तर पॅनेल हलकी असल्याने त्यांच्या पाइलची, म्हणजे जमिनीत रोवलेल्या खांबांची, खोली बहुधा वारा त्यांना उपटून काढू नये या हिशेबाने ठरते. त्यात तुमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाइल ओढून घेतलेल्या चाचण्या स्वतः उभे राहून पाहा. शिवाय ऊन पडलेले पॅनेल बटण दाबून बंद करता येत नाही, त्यामुळे जोडणी सुरू झालेल्या रांगांमध्ये परमिटशिवाय, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीशिवाय, एकही मजूर जाता कामा नये, आणि ही जबाबदारी शेवटी बांधकाम व्यवस्थापकावरच येते.

त्या पदाची पायरी साईट इंजिनिअर, मग विभागप्रमुख अशी चढते. स्थापत्याचे काम संपल्यावर बरेच जण लगेच पुढच्या साईटवर निघून जातात. तुम्ही मात्र चाचण्या होऊन वीज सुरू होईपर्यंत थांबण्याची परवानगी मागून घ्या, कारण आपल्या चरातून केबल ओढताना विद्युत विभागाचे लोक कुठे अडखळतात, हे तिथेच दिसते. पुढे घाटघरसारख्या उदंचन प्रकल्पांवर (पाणी वर चढवून साठवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची), जिथे धरणे, बोगदे आणि भूमिगत वीजगृह असते, हाच अनुभव कामी येईल.

घरच्यांशी मात्र आधीच बोला. सौर प्रकल्प वर्षा-दीड वर्षात उभा राहतो, आणि पुढची नेमणूक राजस्थानात भादल्याकडे किंवा कर्नाटकात पावागड्याकडेही होऊ शकते. तेव्हा राहण्याची सोय आणि सुट्टीचे दिवस नेमणूकपत्रात लिहून घ्या.