चार पानं ट्युलिपची, दोन ओळी पाच लाखांच्या

फोंड्याहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं. हातानं लिहिलेलं, चार पानी, ओळी सरळ आणि वेलांट्या जागच्या जागी. लग्नाला यंदा चाळीस वर्षं होतात, म्हणून यजमानांना एप्रिलमध्ये श्रीनगरच्या ट्युलिप बागेत न्यायचं त्यांच्या मनात आहे. यजमानांना पत्ता नाही, अचानक सांगायचं आहे. एका सहल कंपनीनं दोघांचे सात दिवसांचे 1 लाख 86 हजार सांगितलेत आणि सगळे पैसे 15 मार्चच्या आत मागितलेत. प्रश्न असा, की चालू एफडी मोडून जावं की पुढच्या वर्षापर्यंत थांबावं? मोडली तर व्याज किती बुडेल?

चौथ्या पानाच्या तळाशी, सही झाल्यावर, ताजा कलम: 'जानेवारीत सुटलेली पाच लाखांची एफडी बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून एका गॅरंटीड योजनेत घातली आहे, म्हणून हाताशी रोकड कमी आहे. यापुढे दरवर्षी सुटणारी एफडी त्यातच भरत जायची आहे.'

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका दमात देतो. पाच लाखांची एफडी मुदतीआधी मोडली तर बँका साधारण एक टक्का कापतात. तुमची ठेव सव्वा वर्षाची झाली आहे, म्हणजे फार तर सहा-सात हजार गेले. चाळीस वर्षांच्या संसारापुढे ही रक्कम काही नव्हे. जा.

पण त्या दोन ओळी वाचून मी चहा बाजूला ठेवला आणि तुम्हाला फोन केला. मासिक छापून येईपर्यंत थांबलो असतो तर उशीर झाला असता. इतर वाचकांसाठी सांगतो, की मी फोनवर तीनच गोष्टी विचारल्या. पॉलिसीची प्रत कधी मिळाली? हप्ते किती वर्षं भरायचेत? आणि विमा कुणाच्या जिवावर आहे?

ताई म्हणाल्या, "पॉलिसी कसली? ती एफडीसारखी योजना आहे."

मग त्यांनी मोबाइलवर कागदांचे फोटो पाठवले. एफडीसारखं त्यात काहीही नव्हतं. ती आयुर्विम्याची पॉलिसी होती. हप्ता वर्षाला पाच लाख, हप्ते भरायचे दहा वर्षं, पैसे परत पंधराव्या वर्षाच्या शेवटी, 80 लाख. 'पाच वर्षं भरायचं असं साहेब म्हणाले होते बहुतेक,' असं ताईंना वाटत होतं. कागदावर पाच कुठेच नाही.

आता हिशेब मांडू. ताईंच्या निवृत्तीच्या पैशांतून पाच-पाच लाखांच्या पाच एफड्या झाल्या होत्या, दर जानेवारीत एक सुटेल अशा. घडी उत्तम बसवली होती, शिक्षिकेलाच सुचावी अशी. त्यातली एक गेली. उरलेल्या चार पुढच्या चार वर्षांत जातील. तोवर भरले 25 लाख आणि घरातली शिल्लक शून्य. हप्ते मात्र अजून पाच बाकी. ताईंचं पेन्शन महिना 38 हजार, वर्षाचे झाले 4 लाख 56 हजार. म्हणजे सहाव्या वर्षी चूल बंद ठेवून सगळं पेन्शन विमा कंपनीला दिलं तरी हप्त्याला 44 हजार कमी पडतात!

आणि मिळणार काय? 'पन्नासचे ऐंशी' ऐकायला बरं वाटतं. पण पैसे दहा वर्षं तुकड्यातुकड्यानं जातात आणि पंधरा वर्षांनी येतात. वार्षिक दर काढला तर साडेचार टक्के. हेच हप्ते साध्या सात टक्क्यांनी वाढले असते तर पंधरा वर्षांनी 1 कोटी 3 लाख झाले असते. 23 लाखांचा फरक, तोही 'गॅरंटीड' या शब्दाच्या नावाखाली. गॅरंटी आहे, नाकारत नाही. साडेचार टक्क्यांची आहे.

80 लाख हातात येतील तेव्हा ताई 77 वर्षांच्या असतील आणि यजमान 81.

फोटोतल्या प्रस्तावाच्या फॉर्मवर मी जरा रेंगाळलो. ताईंच्या नावापुढे व्यवसाय 'बिझनेस' आणि वार्षिक उत्पन्न 18 लाख असं लिहिलंय. हे कुणी लिहिलं? ताईंनी नव्हे. त्यांनी फक्त जिथे पेन्सिलीनं फुली मारली होती तिथे सह्या केल्या. आकडा फुगवण्याचं कारण सरळ आहे. साडेचार लाख पेन्शनच्या माणसाला पाच लाखांचा हप्ता कंपनीच्या कुठल्याच तपासणीत बसला नसता. हप्ताही नेमका पाचच लाखांचा का, तर वर्षाचा प्रीमियम पाच लाखांच्या वर गेला की अशा पॉलिसीच्या परताव्याची करमाफी जाते. जिथे आपला माल विकला जातो तिथलं एकूण एक कलम या मंडळींना पाठ असतं. नंतर पडताळणीचा फोन आला तेव्हा 'सगळ्याला हो म्हणा, नाहीतर अर्ज अडकतो' हेही साहेबांनीच पढवलं होतं. मी गेली काही वर्षं डिचोलीपासून काणकोणपर्यंतच्या निवृत्तांचे असे कागद पाहतो आहे. शाखा वेगळी, फुली तीच.

विमा आहे तो पुण्यातल्या मुलाच्या जिवावर, कारण 62 व्या वर्षी ताईंच्या जिवावर तो महाग पडला असता. म्हणजे ताईंनाच काही झालं तर कंपनी एक पैसा देणार नाही आणि हप्ते पाठीमागच्यांनी भरायचे. निवृत्त बाईला विकलेला हा विमा आहे, बघा.

आता त्यातली चांगली गोष्ट. पॉलिसीची प्रत ताईंना ई-मेलवर 12 फेब्रुवारीला आली. प्रत हातात पडल्यापासून 30 दिवस ग्राहकाला पॉलिसी परत करता येते, त्याला फ्री-लुक म्हणतात. पूर्वी हे साधारण पंधरा दिवस होते, 2024 पासून तीस झाले. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून बाकी सगळं परत मिळतं. पत्र माझ्या हाती आलं 3 मार्चला. जेमतेम दहा-अकरा दिवस उरले होते.

अपेक्षेप्रमाणे बँकेतले साहेब म्हणाले, 'घाई कशाला, मार्च एंडची गडबड संपली की बघू, मी सिस्टममध्ये टाकून ठेवतो.' ताई, हे वाक्य तुम्ही मला फोनवर सांगितलंत तेव्हा तुमचा त्यांच्यावरचा विश्वास अजून हललेला नव्हता, म्हणून आता स्पष्ट लिहितो. मार्च एंड संपला की तुमचे तीस दिवसही संपतात आणि हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. अर्ज बँकेत द्यायचाच नव्हता. तो विमा कंपनीच्या पणजीच्या शाखेत दिलात, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतलात आणि तोच मजकूर ई-मेलनंही पाठवलात, हे उत्तम केलंत. तारीख 6 मार्च. शिक्क्याची ती प्रत कपाटात, दागिन्यांच्या शेजारी ठेवा. पैसे अजून यायचेत. कंपनीनं टाळाटाळ केली तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाचं तक्रारींसाठीचं बीमा भरोसा पोर्टल. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही. 18 लाखांचा तो आकडा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

ज्यांचे तीस दिवस उलटून गेलेत असे वाचक विचारतील, आम्ही काय करायचं? ऑक्टोबर 2024 नंतर घेतलेल्या अशा पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल तर वर्ष संपल्यावर काही सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर मिळणारे पैसे, मिळते. पूर्वी एकच हप्ता भरून थांबणाऱ्याला काहीच मिळत नसे. नुकसान होतंच, पण दुसरा हप्ता भरण्याआधी ती रक्कम कंपनीकडून लेखी मागवा आणि पुढचे नऊ हप्ते आपल्या पेन्शनमधून निघतात का ते बघा. 'एक भरलाच आहे, आता सोडवत नाही' हा विचार सर्वात महाग पडतो.

आणखी एक गोष्ट. ही पॉलिसी तुम्ही यजमानांपासून लपवलीत, का तर परताव्यातून पुढची सहल काढता येईल. ताई, आपण गोव्यात राहतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर इथल्या कायद्यानं नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. म्हणून तर आपल्याकडे ठेवींचं व्याजसुद्धा विवरणपत्रात दोघांत विभागून दाखवतात. त्या पाच लाखांतले अडीच त्यांचे होते. शिवाय पत्रात तुम्हीच लिहिलंय, की यजमानांचे खाणीवर दोन टिप्पर ट्रक होते आणि मार्च 2018 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ते अंगणात उभे राहिले, बँकेचे हप्ते चालूच. उत्पन्न थांबलं आणि हप्ता थांबला नाही की काय होतं, हे ज्यानं तीन पावसाळे बघितलंय, त्याला हा कागद दाखवला असतात तर त्यानं सहीच करू दिली नसती. ट्युलिप गुपित राहू द्या, कागद दाखवा.

पाच लाख परत आले की त्यातून सहलीचे दीड लाख बाजूला काढा. एफडी मोडायची गरजच उरत नाही. उरलेले साडेतीन लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. आजचा दर 8.2 टक्के, व्याज दर तिमाहीला खात्यात, मुदत पाच वर्षं, एका माणसाची मर्यादा 30 लाख. खातं फोंड्याच्या पोस्टात निघतं. तुमच्या बँकेतही निघालं असतं, साहेबांनी सांगितलं असतं तर. पण त्यात विकणाऱ्याला मिळण्यासारखं फारसं काही नसतं. वर्षाच्या आत खातं बंद केलं तर व्याज मिळत नाही, म्हणून म्हणतो की सहलीचे पैसे आधी वेगळे काढा. पुढच्या जानेवारीपासून सुटणाऱ्या तीन एफड्या ओळीनं याच योजनेत आणि एक अडीअडचणीला बँकेत. सगळं जागेवर बसलं आणि दर असाच राहिला, तर साडेअठरा लाखांवर वर्षाला दीड लाख व्याज. सहलीचा खर्च तेवढाच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

1 लाख 86 हजार मात्र देऊ नका. मोपा विमानतळावरून दिल्लीमार्गे श्रीनगर, दोघांचं येणं-जाणं आज धरा पन्नास हजार. सहा रात्रींचं बरं हॉटेल तीस हजार, गाडी वीस हजार, खाणं आणि किरकोळ पंचवीस, वर शाली आणि अक्रोड यांचे पंधरा, कारण ते होणारच. एकूण एक लाख चाळीस. बागेचं तिकीट शंभराच्या आतबाहेर. सहल कंपनीच्या पत्रकात 'पूर्ण बहराची हमी' असं छापलंय, त्यावर मी लाल पेनानं गोल केलाय. जाबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या वर, तीसेक हेक्टरांची ती बाग आहे. कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात. लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मुद्दाम आलटून पालटून लावतात, म्हणून बहर मार्चअखेरपासून महिनाभर पुरतो. पण मध्येच चार दिवस ऊन चढलं किंवा गारा झाल्या की पाकळ्या गळतात. तिथला माळी हमी देत नाही, मग फोंड्याच्या ऑफिसात बसलेला माणूस कशी देतो? एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा धरा, रद्द करता येईल असंच हॉटेल घ्या. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर किती जणांना बुकिंग रद्द करावं लागलं ते आठवा. आगाऊ सगळे पैसे मागणाऱ्याकडे रद्द करण्याच्या अटी आधी कागदावर मागा.

आम्ही दोघं गेलो होतो काही वर्षांपूर्वी. बाग पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाते. यजमानांच्या गुडघ्याचं तुम्ही लिहिलंय, तेव्हा सकाळी उघडताच जा आणि खालून वर सावकाश. आमच्या हिनं पहिल्याच वाफ्यात वाकून लाल फुलाला नाक लावलं, दुसऱ्याला लावलं, मग पिवळ्याला, आणि उठून म्हणाली, "हाका वासच ना मरे!" जाईच्या वळेसरावर, म्हणजे गजऱ्यावर, वाढलेल्या माणसाची तेवढी निराशा व्हायचीच. पुढे ती तास-दीड तास काही बोलली नाही, नुसती बघत होती.

एक शेवटचं, पैशाचंच. तुमचा मोबाइल प्रीपेड असेल तर तो जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, बाहेरच्या राज्यातलं पोस्टपेडच लागतं. निघण्याआधी एकाचं तरी सिम पोस्टपेड करून घ्या आणि बँकेला तोच नंबर द्या. नाहीतर पाच लाख परत आल्याचा मेसेज येईल आणि तुम्हाला तो मोपाला उतरल्यावर कळेल.