पुण्यात नऊ वर्षं दिवाणी वकिली केल्यावर आता कंपनीत जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३५, शिवाजीनगर कोर्टात दिवाणी बाजूला नऊ वर्षं, घरी लहान मूल, आणि कंपनीची नोकरी धरावी, न्यायाधीश व्हायचं बघावं की कायदाच सोडावा हे ठरत नाही. मी याच कोर्टात अकरा वर्षं होते. आता खराडीत एका कंपनीच्या करारमदारांचं काम बघते. माझं काय जमलं आणि काय फसलं, दोन्ही सांगते.

सोडायचं की नाही हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा. तेवढा महिना केस डायरीच्या समासात वेळ टिपा: बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या दाव्यांच्या यादीत, नंबर यायची वाट किती, मसुदे किती, अशिलांशी बोलणं किती, प्रत्यक्ष उभं राहून बोलणं किती. माझी एका मंगळवारची नोंद अजून आठवते. सकाळी ११ ते दुपारी ४ बाकावर, मग समोरच्यांचा मुदतीचा अर्ज आणि पुढची तारीख. त्याच रात्री निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज लिहायला बसले तर जेवायचं भान राहिलं नाही. मला कायद्याचा कंटाळा आला नव्हता, बाकाचा आला होता. तुमच्या डायरीत याच्या उलट निघालं, म्हणजे उलटतपासाच्या दिवशीच तुम्हाला हुरूप येत असेल, तर कंपनीत सहा महिन्यांत जीव घुसमटेल. तिथे उलटतपास फक्त एचआर घेतं, तोही आपला.

आता सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते आणि तसं महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला कळवावं लागतं. कंपनीचा लॉ ऑफिसर म्हणूनही कोर्टात उभं राहता येत नाही. सनद जात नाही, स्थगित राहते. नोकरी सोडल्यावर पुन्हा सुरू करून घेता येते. बाणेर-बालेवाडीच्या छोट्या कंपन्या मात्र 'रिटेनरवर या' म्हणतात. महिन्याची ठरावीक फी, बाकीचे अशील तुमचे तुम्हाला, असं असेल तर सनद चालू ठेवून करता येतं. पण रोज नऊ ते सहा हजेरी आणि पीएफही कापणार असतील, तर नाव काहीही द्या, ती नोकरीच.

सनद ठेवून चाचपणी करायच्या वाटा आहेत. लॉ कॉलेजात रोज तीन तासांपर्यंत शिकवता येतं. मध्यस्थीचं ४० तासांचं प्रशिक्षण घेता येतं. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयाला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, तिच्यावर बाहेरचा एक सदस्य लागतो. माझ्या एका मैत्रिणीची कंपन्यांशी पहिली ओळख तिथूनच झाली.

न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर ते आधी ठरवा, नोकरी नंतर. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला किमान सात वर्षांची वकिली लागते आणि अर्ज करताना ती चालू असावी लागते. तुमची नऊ झाली आहेत. नोकरीत शिरलात की हे दार बंद. नोटरीला खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला दहा वर्षं लागतात. म्हणजे तिथे तुम्ही वर्षभराने कमी पडताय, हेही लक्षात असू द्या.

कंपनीच्या कामाला घाबरू नका. ज्याने जुनी खरेदीखतं आणि विकसन करारनामे ओळ न ओळ वाचलेत, त्याला सॉफ्टवेअरचा करार परका वाटत नाही. बिघडलं तर भुर्दंड कोणी सोसायचा, किती रकमेपर्यंत आणि भांडण कुठल्या कोर्टात, प्रश्न तेच असतात. मी अडकले ते भलत्याच ठिकाणी. पहिल्या मुलाखतीत लॅपटॉप पुढे सरकवून म्हणाले, या करारात ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल वेगळा दिसावा अशी वर्डमधली सोय) लावून दुरुस्त्या करा. अकरा वर्षं मी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला तोंडी सांगत आले होते. त्याला 'पुढचा पॅरा' म्हटलं की सगळं आपोआप व्हायचं. ती मुलाखत तिथेच संपली. घरी येऊन पंधरा दिवस वर्ड शिकले.

दुसरा फटका पैशांचा. पगाराच्या पावत्या मागतात, त्या आपल्याकडे कुठून असणार? मग प्राप्तिकराची तीन वर्षांची रिटर्न्स बघतात. मी रोख मिळालेली फी दाखवायचा आळस केला होता. त्यामुळे कागदावर माझी कमाई एखाद्या ज्युनियरएवढी दिसली आणि पगारही त्याच मापाने ठरला. पुढच्या रिटर्नपासून हे सुधारा. शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय कुणाला हो म्हणू नका.

चालू दावे हा सगळ्यात लांबणारा भाग. मला आठ महिने लागले. दुसऱ्या वकिलांकडे फाइल द्यायची म्हणजे ना-हरकत, नवं वकीलपत्र, हिशेब, मूळ कागदांची पोच. यात घाई केलीत तर बाररूममध्ये वर्षानुवर्षं बोललं जातं. माझ्याकडे मुळशीच्या एका आजींचा वाटपाचा दावा होता. सातबारा, फेरफार, सगळं एका साडीच्या पिशवीत. 'म्हणजे आता नव्या वकिलाला सगळं पहिल्यापासून सांगू?' एवढंच त्यांनी विचारलं. मग मी दावा, कैफियत (समोरच्यांचं लेखी उत्तर), कोणता पुरावा कुठवर आला, याचं दोन पानी टिपण मराठीत लिहून फाइलच्या वर लावलं. पुढे प्रत्येक फाइलला तसंच केलं.

आजी अजूनही तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन करतात. मी ई-कोर्ट्सच्या ॲपवर बघते आणि सांगते, उद्या आहे, पण ११ च्या आधी निघू नका.