टँक कासवाचा, मासे भाडेकरू

यावेळी पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे त्यातली निम्मी कासव आणि मासे एकत्र ठेवण्याबद्दलच होती. चार निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांची अर्धी उत्तरंही त्यातच आहेत.

प्रश्न : ताई, आमच्याकडे दोन फुटी टँक आहे, त्यात सहा महिन्यांपासून दोन छोटी कासवं (डोळ्यामागे लाल पट्टा असतो ती) आणि पाच गोल्डफिश आहेत. सगळे अगदी गुण्यागोविंदाने राहत होते, पण गेल्या आठवड्यात दोन माशांच्या शेपट्या कुरतडल्यासारख्या दिसल्या आणि काल सकाळी एक मासा गायबच, सांगाडा पण नाही. दुकानदार म्हणाला होता की ही कासवं एवढीच राहतात आणि माशांना काही करत नाहीत. काय चुकलं?

उत्तर : मासा कुठे गेला ते तुम्हाला माहितीये, फक्त दुसऱ्या कोणीतरी सांगायला हवंय. खाल्ला. आणि सहा महिने खाल्ला नाही ते काही मैत्री म्हणून नाही हो, तोंडात मावत नव्हता म्हणून.

तुमची कासवं म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. दुकानात आणतात तेव्हा नाण्याएवढी दिसतात, जेमतेम एक-सव्वा इंच, पण मादी पूर्ण वाढली की 10 ते 12 इंचांपर्यंत जाते, नर थोडा लहान राहतो, आणि नीट सांभाळलं तर 20-30 वर्षं सहज जगतात. तुमच्या टँकची रुंदी एक फूट असणार, त्यात दहा इंचाचं कासव वळणार कुठून सांगा. ढोबळ हिशोब असा की कवचाच्या दर इंचामागे साधारण 40 लिटर पाणी लागतं, आणि दोन फुटी टँकमध्ये सगळं मिळून 50 लिटरच्या आसपास मावतं. म्हणजे दोन पिल्लांनाच तो कमी पडतोय, त्यात पाच गोल्डफिश.

मी पण हे केलंय म्हणून सांगते. माझ्या टँकमध्ये सात मासे होते आणि दिवसभर बघत बसलं तरी कासव त्यांच्याकडे ढुंकून बघायचं नाही, मला वाटलं आपलं कासव गरीब आहे बिचारं. मग एकदा पहाटे लाईट लावायच्या आधी सहज डोकावले तर ते लाकडाच्या आडोशाला मान पूर्ण आत ओढून बसलेलं, हलत नव्हतं, आणि समोर एक मासा तळाशी अर्धवट झोपेत. मान बाहेर आली ती इतक्या झटक्यात की मला फक्त पाणी हललेलं दिसलं. मासा सुटला पण शेपूट अर्धी गेली. मासे रात्री सुस्तावतात आणि कासवाला ते बरोबर कळतं.

आता खरी गोष्ट, जी शेपटीपेक्षा महत्त्वाची आहे, ती म्हणजे पाणी. कासव खूप घाण करतं, खाताना अन्नाचे तुकडे तुकडे करून पाण्यात उडवतं, आणि त्या सगळ्याचा विषारी अमोनिया होतो. कासव फुफ्फुसाने श्वास घेतं, नाक वर काढलं की झालं, त्यामुळे खराब पाण्यातही ते बरेच दिवस ठणठणीत दिसतं. माशाला मात्र त्याच पाण्यातून श्वास घ्यायचाय, कल्ल्यांमधून. म्हणून आधी मासे मरतात आणि आपण म्हणतो कासवाने मारले. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, कल्ले लालसर दिसत असतील तर आजच एक चतुर्थांश पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन काढून. आणि फिल्टर घेताना डब्यावर जेवढे लिटर लिहिलेत त्याच्या निम्म्याच पाण्याला तो पुरेल असं धरून घ्या. त्यातला स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा, नाहीतर अमोनिया पचवणारे चांगले जिवाणू सगळे वाहून जातात आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

गोल्डफिशची अजून एक भानगड आहे. त्यांच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते व्हिटॅमिन बी 1 मोडून टाकतं, त्यामुळे कासवाने वरचेवर गोल्डफिश खाल्ले तर कासवाचंही नुकसान. शिवाय गोल्डफिशला 18 ते 22 डिग्रीचं पाणी मानवतं आणि तुमच्या पिल्लांना 26 च्या पुढचं, म्हणजे हीटर लावला तरी एकाची पंचाईत आणि नाही लावला तरी.

माझं मत विचाराल तर मासे आजच वेगळे करा, तो दोन फुटी टँक त्यांनाच राहू दे (तेही मोठे होतात, पण तो विषय परत कधीतरी) आणि कासवांसाठी मोठा टँक किंवा सरळ मोठा प्लास्टिकचा टब बघा, दिसायला भारी नाही दिसत पण कासवाला काय त्याचं. आणि तरीही एकत्रच ठेवायचेत असा हट्ट असेल तर टँक कासवाचा आणि मासे भाडेकरू असं समजून चाला. झेब्रा डॅनिओ, जायंट डॅनिओ असे चपळ, छोट्या परांचे मासे टाका, लांब झालरीवाले फायटर, एंजल अजिबात नको. लपायला जागा ठेवा पण तिथे कासवाचं डोकं पण शिरणार नाही एवढी अरुंद, कारण अर्धवट फटीत कासव अडकलं आणि वर येता आलं नाही तर ते पाण्यातच गुदमरून मरतं, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. एवढं करूनही अधूनमधून एखादा मासा कमी होणारच.

प्रश्न : कासवाच्या टँकमध्ये सकर मासा सोडला तर तो सगळी घाण खाऊन टाकेल ना? पाणी बदलायचा त्रास वाचेल.

उत्तर : नाही वाचणार. सकर काचेवरचं शेवाळ खातो, कासवाची शी नाही, आणि तो स्वतः इतकी शी करतो की पाणी अजून लवकर खराब होतं. साधा सकर फूटभर वाढतो. कधी कधी कासवाच्या कवचाला चिकटून चोखत बसतो, आणि कासवाने त्याला गिळायचा प्रयत्न केला तर त्याच्या परांचे काटे घशात अडकतात. पाणी तुम्हालाच बदलायचंय.

प्रश्न : टँकमधला दगड काढून टाकला तर चालेल का? माशांना पोहायला जागाच उरत नाही, आणि कासव तर दिवसभर त्या दगडावरच बसून असतं.

उत्तर : तुम्ही स्वतःच उत्तर दिलंत बघा, दिवसभर बसतं म्हणजे त्याला ती जागा हवीये. वर येऊन पूर्ण कोरडं झालं नाही तर कवचाला बुरशी लागते, कवच कुजतं. अंग तापलं की अन्न नीट पचतं. आणि उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण मिळाले तरच अंगात व्हिटॅमिन डी 3 तयार होऊन कॅल्शियम लागू पडतं, नाहीतर कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं. दगडावर साधारण 30-32 डिग्री ऊब हवी आणि यूव्हीबीचा बल्ब हवा, तो दिसायला चालू असला तरी सहा महिने ते वर्षभरात त्याचे किरण कमी होतात, बदलावा लागतो. खिडकीतून येणारं ऊन चालत नाही कारण काच यूव्हीबी अडवते. म्हणून टँक उन्हात ठेवाल तर पाणी उकळून निघेल आणि किरण मात्र मिळणार नाहीत, दोन्हीकडून तोटा. दगड राहू द्या, मासे काढा.

प्रश्न : कासव आता ताटाएवढं झालंय, सगळे मासे संपवले, आम्हाला सांभाळणं होत नाही. जवळच्या तळ्यात सोडलं तर त्याला पण मोकळं वाटेल ना?

उत्तर : त्याला वाटेल हो, तळ्याला नाही. स्लायडर मूळचं अमेरिकेतलं, आणि असंच लोकांनी सोडून सोडून ते इतकं पसरलंय की जगातल्या सगळ्यात उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या आययूसीएनच्या (निसर्ग जपणारी जागतिक संघटना) यादीत त्याचं नाव आहे. तिथल्या स्थानिक कासवांचं खाणं, ऊन खायच्या जागा सगळं हेच बळकावतं, आणि घरातले आजारही सोबत नेतं. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे चौकशी करा, त्यांना बहुतेक वेळा कासव पाळणारे किंवा रेस्क्यूवाले माहिती असतात. थोडा वेळ लागेल, तोवर एखाद्या मोठ्या टबात ठेवा, अर्ध्यात पाणी आणि अर्ध्यात चढून बसायला विटा. टबाचं पाणी मात्र स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. मुलं छोटी कासवं तोंडात घालतात म्हणून तर अमेरिकेत 1975 पासून चार इंचापेक्षा लहान कासवं पाळायला विकायला बंदी आहे. तुमचं ताटाएवढं आहे, ते कोणी तोंडात घालणार नाही, पण हात धुवा.