नवीन गटप्रमुखांसाठी थोडं

चर्चमधल्या छोट्या बायबल-अभ्यास गटाच्या पहिल्या बैठकीला बहुतेक नवे गटप्रमुख चक्क प्रवचन लिहून आणतात. ते काम रविवारी पाळक करतातच. तुम्ही एक छोटा शास्त्रभाग घ्या, दोनतीन खुले प्रश्न काढा आणि विचारून झाल्यावर गप्प बसा. ती शांतता जड वाटते, पण मोडायची घाई नको. बुजरी माणसं त्यानंतरच तोंड उघडतात.

आठ ते बारा माणसं पुरेत. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची चळवळ सुरू करणारे इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली, त्यांच्या गटांतही साधारण बाराजण असत. गंमत म्हणजे १७४२ साली ब्रिस्टलमध्ये हे गट पडले ते सभागृहाचं कर्ज फेडायला आठवड्याला एकेक पेनी गोळा करण्यासाठी! पैशासाठी घरोघर गेलेल्या प्रमुखांना लोकांचं खरं जगणं दिसलं आणि त्यातून एकमेकांच्या आत्मिक जीवनाची विचारपूस सुरू झाली.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:१६) एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय, पण ते पहिल्याच महिन्यात मागू नका. आधी भरवसा बसू द्या. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, हे सुरुवातीलाच सांगा. प्रार्थनेची विनंती म्हणून कुणी तिसऱ्याच्या घरातल्या गोष्टी काढू लागला, तर तिथेच थांबवा. हे अवघड जातं, तरी टाळू नका. मात्र घरातली मारहाण किंवा जीव देण्याचे विचार कानावर आले, तर गुप्ततेला कवटाळून बसू नका. पाळकांची आणि तज्ज्ञांची मदत लगेच घ्या.

आणि बैठक वेळेवर संपवा. ज्यांना बोलायचं असतं ते मागे रेंगाळतातच.